भाड्याची आत्या

मला आजवर ज्यांनी ज्यांनी हाकललं त्या सगळ्यांची एक पंगत बसवायची म्हटली, तर पांढुर्ण्याच्या शाळेचं पटांगण पुरणार नाही. वाढायला मी स्वतः उभी राहीन आणि प्रत्येकाच्या भाजीत मीठ जरा जास्त टाकीन. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करण्याच्या भानगडीत पडणार नाही.

पहिल्यांदा हाकललं ते सासरच्यांनी. मला नरखेडला दिलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत एका दिराला सोबत देऊन त्यांनी मला गाडीत बसवलं. त्या दिरानं पांढुर्ण्याच्या फलाटावर आधी परतीच्या गाडीची चौकशी केली आणि मग माझी ट्रंक उतरवली. सासूशी पटलं नाही, असं लोक म्हणत. खोटं आहे ते. सासूशी माझं फारच पटलं होतं. मी तिच्या पायाशी झोपायचे, तिच्याआधी जेवायचे नाही, तिला सर्दी झाली तर मला ताप यायचा. मग एक दिवस तिनं माझ्यादेखत जावेच्या भाकरीची तारीफ केली. भाकरीचीच, बाकी कशाची नाही. त्या क्षणी माझ्या आत जे झालं ते मला अजूनही धड सांगता येत नाही. जिच्यासाठी जीव टाकत होते तिचं तोंड पाहवेना. मी पिठासकट परात अंगणात फेकली. संध्याकाळपर्यंत माझा राग उतरला, मी पुन्हा तिच्या पायाशी जाऊन बसले, पण तोवर त्या घराचा निकाल लागला होता.

सगळीकडे हेच. माझ्या मनात माणसं एक तर देव्हाऱ्यात असायची, नाही तर उकिरड्यावर. मध्ये ओसरी अशी नव्हतीच.

पांढुर्ण्याला माझं माहेर, दादाचं घर. दादानं मला नागपूरला एका डॉक्टरकडे नेलं. तेव्हा नागपूर आमचंच होतं, आमच्या मध्य प्रदेशाची राजधानीच होती. डॉक्टर तरुण होता, विलायतेहून शिकून आलेला. मी त्याला सगळी हकिगत सासूचा आणि दिराचा आवाज काढून करून दाखवली. तो आधी हसला, मग त्यानं दादाला समोर बसवून सांगितलं, "हे वेड नाही. याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. यांना दिवसभर त्याच त्या माणसांत ठेवू नका. अर्ध्या दिवसाचं काम पाहा, माणसं बदलती असलेलं. आणि घरी आल्यावर आतून कडी लावता येईल अशी एक जागा द्या."

औषधाची बाटली मिळाली नाही याचाच दादाला राग आला. एवढ्या लांब येऊन नुसतं बोलणं घेऊन जायचं, म्हणजे काय? घरी वहिनीनं विचारलं, काय निघालं? दादा म्हणाला, "डोकं." डॉक्टरचं सगळं बोलणं त्यानं असं एका शब्दात बसवलं. दादा गणिताचा मास्तर होता.

कडीची जागा काही मिळाली नाही. मला स्वयंपाकघराच्या मागं, सरपण ठेवायचे तिथं झोपायला दिलं. कामाचं मात्र दादानं मनावर घेतलं, कारण पुतणी उपवर होत आली होती. तो म्हणाला, "लोक पोरीला पाहायला येतील. घरात अशी बहीण म्हटल्यावर आल्या पावली परत जातील. चारचौघांत सांगता येईल असं एखादं काम धर अन् टिकव. नाही तर तुला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवणार." वहिनी शेजारी तांदूळ निवडत बसली होती. डॉक्टरकडे जाताना त्या इस्पितळाची भिंत मी टांग्यातून पाहिली होती. तिथं कडी होती, पण बाहेरून लावायची.

मग मी कामं धरली. मुलींच्या शाळेत सकाळचा शिवणाचा वर्ग मिळाला. मुख्याध्यापिका मला देवीसारखी वाटायची, मी रोज तिच्या टेबलावर मोगरा नेऊन ठेवायचे. एक दिवस ती दुसऱ्या बाईंना म्हणाली की तुमचा टाका किती नाजूक. दुपारपर्यंत तो नाजूक टाका मी सगळाच्या सगळा उसवून ठेवला होता. तिथून निघाले ती संत्र्यांच्या एका व्यापाऱ्याकडे. बाया गोल करून बसायच्या, मोठी, मधली, लहान अशी संत्री निवडायची आणि गवत घालून पेट्या भरायच्या. काम माझ्या हाताला बसलं होतं. पण मुनीम एकदा मला बोलला की परित्यक्ता बाईनं हळू हसावं. मी उठून त्याला संत्री मारली. निवडूनच मारली, आधी लहान, मग मधली. मोठ्या संत्र्यांवर येईपर्यंत तो पेढीत शिरून दार लावून बसला होता. सौंसरला एका वकिलाच्या आईला पोथी वाचून दाखवायचं कामही केलं. सकाळच्या मोटारीनं जायचं, दुपारच्या मोटारीनं यायचं. म्हातारी माझ्याहून खडूस, त्यामुळं आमचं झकास चाललं होतं. पण एकदा ती म्हणाली, आधीची बाई जरा बरी वाचायची. मी पोथी मिटली, तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून पोथीवर ठेवला आणि म्हटलं, मग तिलाच बोलवा.

गाव मला पाहून रस्ता बदलू लागलं. मीही त्यांची गंमत करायचे. कुणी बाई मला टाळायला गल्लीत वळली की मी पलीकडच्या बाजूनं जाऊन तिच्यासमोर उभी राहायचे आणि तब्येत विचारायचे.

मग राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबईकडे गेलं आणि आम्ही मराठी बोलत बोलत मध्य प्रदेशात राहिलो. दादाला झोप येईना. बदली जबलपूरकडे होते की काय, हिंदीची परीक्षा द्यावी लागते की काय, असं त्याचं चालायचं. मला मात्र या सगळ्याचा फायदा झाला. नागपूर परराज्य झालं होतं. आमच्याकडचं माणूस तिथल्या इस्पितळात ठेवायला कुणाला विचारायचं हे दादाला कुणी धड सांगेना. दोन सरकारं आपापली कपाटं वाटून घेत होती, त्यात माझं वेड कुणाच्या वाट्याला येतं ते ठरेना.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलीचं लग्न होतं. आमच्या भागात लग्नात मुलाकडचं कुणी रुसलं नाही तर मुलाकडच्यांनाच चुकल्यासारखं वाटतं. त्या दिवशी विहीण रुसली. पाटाभोवती रांगोळी नव्हती म्हणून तिनं पानावर बसायला नकार दिला. मुलीकडच्यांनी अशा वेळी बोलायचं नसतं. मुलीची आई कोठीत रडत बसली होती, बाप टोपी हातात घेऊन उभा होता. मी सकाळपासून वहिनीचे टोमणे खाऊन भरलेलीच होते. उठले आणि विहिणीला म्हटलं, "रांगोळी पोटात जात नसते वो बाई. भूक नसन तं सांगा, मी बसते तुमच्या पानावर." मुलीच्या बापाला काय करावं सुचेना, तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर मला असं फाडलं की विचारू नका. मी निघून आले. मागून कळलं की मला बोलणी बसताच विहिणीचा मान भागला आणि ती मुकाट्यानं जेवायला बसली.

हे त्या मुलीच्या मामानं टिपलं. मामा कापसाचा अडत्या होता, म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्यात उभा राहून सौदा जुळवणारा. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला आणि मला म्हणाला, "बाई, तुमचा राग म्हणजे हंगामी माल हाय. वर्षभर घरात भरून ठेवान तं कीड लागन. हंगामात काढून टाका. मोहगावले माझ्या साडूच्या पोरीचं लग्न हाय. चालता का?"

अशी मी मोहगावला मुलीची आत्या म्हणून गेले. ठरलं होतं ते असं: मुलाकडचं कुणी रुसलं की मी भांडायला उभं राहायचं. मुलीला दोष लागेल असं काही बोलायचं नाही, कुणाच्या मेलेल्या माणसावर जायचं नाही. भांडण पिकलं की मुलीचा बाप उपरणं खांद्यावर टाकेल आणि सगळ्यांसमोर मला झाडेल, "आत्या, आत जा." मी डोळ्याला पदर लावून आत जायचं. रुसलेला जिंकतो, जेवतो, लग्न लागतं. मला एक लुगडं आणि बुंदीची शिदोरी. दोन तासांत काम आटोपतं, आणि पुन्हा ती माणसं आयुष्यात भेटायची नाहीत. डॉक्टरनं सांगितलेलं अर्ध्या दिवसाचं काम ते हेच, पण हे त्याला तरी कुठं सुचलं असतं?

भांडण मी रंगवलं. मोहगावला नवरदेवाचा काका घड्याळ पाहिजे म्हणून रुसला होता. मी त्याला म्हटलं, यायचं होतं सकाळी, आले दुपारी, आता घड्याळ घेऊन काय करता? मुलीकडच्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. पण खुणेप्रमाणं मुलीचा बाप ओरडला, "आत्या, आत जा," आणि मी धुमसत आत गेले. ठरलेलं होतं, मीच हो म्हटलं होतं, तरी ते शब्द खरे लागले. नरखेडचा फलाट समोर आला. चुलीवर वरणाचं पातेलं होतं, ते लाथेनं उलटवावंसं वाटलं. अडत्या मागोमाग आत आला, माझ्यासमोर पाट टाकून बसला आणि म्हणाला, "बाई, सौदा झाला. बाजार उठला. आता तो माणूस तुमच्यावर चिडलेला नाई अन् तुमी त्याच्यावर नाई. जेवा." आणि खरंच, थोड्या वेळानं मुलीचा बाप स्वतः माझ्या पानात वाढायला आला.

माझ्या आयुष्यातल्या कुठल्याच भांडणाला तोवर शेवट नव्हता. हे पहिलंच असं, की ज्याचा शेवट आधी ठरलेला होता. तो फलाट दिसायचा थांबायला पुढं बरीच लग्नं जावी लागली, पण थांबला. बोरगाव, तिगाव, सौंसर, कुठून कुठून बोलावणी येऊ लागली. लोक मला भाड्याची आत्या म्हणू लागले. मुलाकडचे मला शिव्या द्यायचे, मुलीकडचे भीत भीत मान द्यायचे, आणि मी दोन्ही सारख्याच आनंदानं घ्यायचे.

दादाला हे काम वाटेना. तो म्हणायचा, "भांडायचं काम कोणाला सांगायचं?" सोयरिकीची बोलणी आली तेव्हा त्यानं वरूडकडच्या लोकांना सांगितलं की मला एकच बहीण, ती नरखेडला सुखानं नांदते. लग्न ठरलं. पुतणी माझी लाडकी आणि माझ्याइतकीच आगाऊ. तिनंच मला येऊन सांगितलं, "आत्या, परराज्याची परवानगी अखेर मिळाली. बाबा नागपूरच्या इस्पितळाचं सगळं ठरवून आले. लग्न झालं की तुला नेतात." लग्नाच्या दिवशी मी सरपणाच्या खोलीतून बाहेर यायचं नाही, असं वहिनीनं बजावलं.

पण लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलंच नाही. आला तो सायकलवरचा एक माणूस, निरोप घेऊन. वऱ्हाडाची मोटार वरूडच्या रस्त्यावर, दोन राज्यांच्या हद्दीच्या दगडापाशी थांबली होती. सीमांतपूजन म्हणजे नवरदेवाचं सीमेवर स्वागत करून त्याचे पाय धुवायचे. ते आजवर गावाच्या वेशीवर होत आलं. व्याहीबुवांचं म्हणणं, आता खरी सीमा हद्दीवर आहे. पूजा तिथं झाली पाहिजे, आणि मग वेशीवर पुन्हा.

दादा हे ऐकून मटकन खाली बसला. अडत्या लग्नाला होताच. तो म्हणाला, "मास्तर, बहिणीले सोबत घ्या. दुसरा इलाज नाई." दादानं उठून टोपी घातली. मग आत येऊन मला म्हणाला, "चल. मी सांगीन तेव्हाच मोटारीतून उतर."

भाड्याच्या मोटारीत दादा, वहिनी, भटजी, अडत्या, पूजेचं ताट आणि मी असे हद्दीवर गेलो. कडुलिंबाखाली वऱ्हाड घाम पुसत बसलं होतं. व्याहीबुवा वळकटीवर मांडी घालून बसले होते, दगडाच्या बरोबर पलीकडे, धोतराचा सोगासुद्धा आमच्या राज्यात येणार नाही असे. भटजी म्हणाले, शास्त्रात सीमा म्हणजे गावाची. व्याही म्हणाले, "गुरुजी, शास्त्र जुनं झालं. मी आता मुंबई राज्याचा माणूस हावो. मानपानाशिवाय परराज्यात पाय ठेवत नाई." दादा म्हणाला, दोनदा पूजा केली तर मुहूर्त टळेल. व्याही म्हणाले, टळू द्या.

अडत्यानं माझ्याकडे पाहिलं. दादानं काहीच खूण केली नाही, पण मी उतरले.

मी म्हटलं, "पूजा करतो न बावा, काऊन नाई करणार? पण मुंबई राज्याचे तुमी. मंग पाय धुवाले समुद्राचं पाणी आणाचं होतं सोबत. आमच्या जाम नदीच्या पाण्यानं तुमचा पोट्टा भिजन तं बाटन."

वऱ्हाडातली पोरं हसली. व्याहीबुवा लालबुंद होऊन उठले, दोन पावलं पुढं आले, पुन्हा आठवण होऊन दगडामागं गेले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "थांबा. ही बाई म्या बोरगावच्या लग्नात पाह्यली. हे तं भाड्याची आत्या हाय. काय हो मास्तर, सोताच्या पोरीच्या लग्नाले बी भाड्यानं आणली?"

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी पूजेच्या ताटातल्या अक्षता सारख्या करत राहिली.

"हो," दादा म्हणाला. "भाड्यानंच आणली." आणि माझ्याकडे वळून, उपरण्याची खूण वगैरे काही न करता म्हणाला, "मागं हो. गाडीत जाऊन बस. अन् तोंड उघडू नकोस."

हे ठरलेलं नव्हतं, आणि त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. मी लहानपणापासून ओळखते तो आवाज. नरखेडचा फलाट पुन्हा समोर आला. ताट उडवावं, दगड उचलून घालावा, ओरडून सांगावं की एका आईच्या पोटची आहोत आम्ही. ते केलं असतं तर पुतणीचं लग्न तिथंच मोडलं असतं, मी दुसऱ्याच दिवशी नागपूरला, आणि सगळं गाव म्हणालं असतं, मास्तर बरोबर होते. या भांडणाला शेवट कुणी ठरवून दिला नव्हता. अडत्यासुद्धा खाली पाहत होता. मग शेवट मीच ठरवला.

मी पुढं गेले आणि हद्दीच्या दगडावर बसले.

"भाड्याची न मी?" मी म्हटलं. "मंग भाडं ठरव. ठरल्याशिवाय मी उठत नाई, अन् मी उठल्याशिवाय इथं पूजा नाई."

दादा दातांत बोलला, लुगडं मिळेल. मी म्हटलं, लुगड्यांनी माझी ट्रंक भरली आहे. तो म्हणाला, मग काय पाहिजे? मी म्हटलं, "तुझ्या घराची ओसरीची खोली. रस्त्याकडे दार उघडते ते. कायमची राहाले. कडी आतून."

वहिनीच्या हातातलं ताट वाजलं. दादा म्हणाला, "भलतंच." मी पदर डोक्यावर नीट घेतला आणि दगडावर ऐसपैस मांडी घातली.

इथं व्याहीबुवांची मोठी पंचाईत झाली. ते रुसले होते, पण त्यांच्याकडे आता कुणी पाहीना. वऱ्हाड, भटजी, मोटारवाला, सगळे माझ्याभोवती. एका लग्नात दोघांनी एकदम रुसायचं ठरवलं तर समजूत काढायला कुणीतरी उरलं पाहिजे. थोडा वेळ त्यांनी वळकटीवर कळ काढली. मग टोपी चढवली, सरळ दगड ओलांडला, मध्य प्रदेशात आले आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, देऊन टाका न खोली. बाई कामाची हाय. अन् मुहूर्त जाऊन राह्यला, कायले खोळंबा करता?"

मुहूर्ताची काळजी त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा केली. आता व्याह्यांच्या शब्दाला नाही म्हणायची दादाची सोय नव्हती. तो म्हणाला, "दिली."

"नारळावर हात ठेवून म्हण."

त्यानं पूजेच्या नारळावर हात ठेवला आणि म्हटलं. मी उठले, पदरानं दगड पुसला, आणि त्याच दगडापाशी नवरदेवाचे पाय धुतले गेले. वहिनी ते अशा काही रागानं चोळत होती की पोरगा ओठ चावत उभा होता. वेशीवरची दुसरी पूजा व्याह्यांनी स्वतःच माफ केली. लग्न वेळेवर लागलं. मी अक्षता टाकल्या त्या भाड्याच्या बाईला शोभेल अशा, मागच्या रांगेतून. पुतणीनं मुंडावळ्यांतून मला हुडकलं आणि डोळा मारला.

दिवाळीला व्याहीबुवा आले ते आधी माझ्याच दारावर थाप मारून. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मास्तराची नरखेडची बहीण दिवाळीले येत नाई वाटते?" मी म्हटलं, तिला भांडणातून सवड मिळत नाही. ते माझ्या नाकाकडे पाहत राहिले. आमच्या घराण्याचं नाक लपत नाही. मग म्हणाले, दगडापाशीच ओळखलं होतं, पण भांडण असं रंगलं होतं की मधी तोंड घालावंसं वाटेना. ते दर वर्षी येतात, दर वर्षी माझी काही ना काही कुरापत काढतात, आणि चहा पिऊन जातात.

नागपूरचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. लग्नसराईत मी अजून कामाला जाते. दुपारी परत येते, कडी लावते, आणि राग उतरेपर्यंत कुणाला दिसत नाही. दादा मात्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही. लग्नानंतर मांडव उतरवला त्याच आठवड्यात त्यानं गवंडी बोलावला आणि माझ्या खोलीतून घरात उघडणारं दार कायमचं बुजवायला घेतलं. गवंडी एकटाच होता, उन्हात धापा टाकत होता. मी त्याला विटा उचलून दिल्या.